सहा फूट, आडवी

येथे प्रेरणा मिळणार नाही. उगाच विचारून अपमान करून घेऊ नये.

ही पाटी सुरुवातीलाच लावलेली बरी. हा लेख मागणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, "आजाराशी दिलेली झुंज, असं काहीतरी लिही ना. मुलींना प्रेरणा मिळेल." कसली झुंज आणि कसलं काय! मी धायरीतल्या घरात गादीवर उताणी पडून पंख्याची पाती बघत होते. झुंज द्यायला माणसाला निदान उठून बसता यावं लागतं.

तरी लिहिते आहे. कारण मणक्याचा टीबी झालेली कुणीतरी मुलगी आत्ता अशीच पंखा बघत पडली असेल, आणि तिच्या उशाशी बसून नातेवाईक अक्कल पाजळत असतील. बाई गं, हे तुझ्यासाठी आहे. नातेवाइकांनी नाही वाचलं तरी चालेल. वाचलं तर फारच उत्तम.

मी कोण आणि ती बाटली

मी सहा फूट उंच आहे आणि बास्केटबॉल खेळून पगार घेते. पुण्यात हे कुणालाही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला. "ते झालं हो, पण नोकरी काय करता?" खेळणं हीच नोकरी, हे नारायण पेठेतल्या माझ्या आत्याला अजून पटलेलं नाही. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागेवर मी लागले. कागदावर मी क्लार्क. सकाळ-संध्याकाळ सराव, मधे ऑफिसात तोंड दाखवायचं आणि वर्षभर खात्याच्या टीमकडून देशभर खेळत हिंडायचं. मध्यंतरी एक खाजगी लीगही निघाली होती. दिवे, गाणी, चौकाचौकात आमची पोस्टरं. एक हंगाम झाला, मालक दिसेनासे झाले. पोस्टरं मात्र पावसाळा येईपर्यंत टिकली.

मी सेंटर खेळते. म्हणजे बास्केटखाली उभं राहायचं, धक्के खायचे, धक्के द्यायचे आणि बोर्डावर आपटून परत आलेला बॉल बाकीच्यांच्या डोक्यावरून उचलायचा. त्याला रिबाउंड म्हणतात. ह्या कामाला उंची लागते आणि पाठ लागते.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या टीमची एक निळी बाटली होती. प्लास्टिकची, मोठी, झाकणाची कडी तुटलेली. बाकी मुली आपापलं पाणी आणायच्या. निळी बाटली फक्त पाचजणींची, ज्या मॅचच्या सुरुवातीला मैदानात उतरतात त्या पाच. आणि ती वरून प्यायची नाही, तोंड लावून प्यायची. हा नियम कुणी काढला देव जाणे, मी आले तेव्हा होताच. नवी मुलगी पहिल्या पाचांत आली की तिच्यासाठी भाषण नाही, टाळ्या नाहीत. टाइमआउटमध्ये ती उष्टी बाटली तिच्या हातात यायची, बस्स. माझ्या हातात पहिल्यांदा आली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एरवी घरी मी आईचा उष्टा कपसुद्धा घेत नाही, हे लक्षात घ्या.

सगळ्यांना सगळं कळतं

पाठ दुखायला लागली तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कारण तयार होतं.

सर, म्हणजे आमचे कोच, म्हणाले, "सेंटर आहेस, पाठ दुखणारच. टेप लाव." आमच्याकडे "दुखतंय" म्हणणाऱ्या मुलीची जागा दुसऱ्या दिवशी दुसरीला जाते. त्यामुळे कुणाला काही दुखतच नाही. टेप लावायची, स्प्रे मारायचा, वरून टी-शर्ट. फिजिओ म्हणाला, स्नायू आखडलाय. कुणाच्या तरी ओळखीचा हाडवैद्य म्हणाला, शीर चढलीये. त्याने माझ्या पाठीवर गुडघा रोवून अशी काही ओढाताण केली की पुढे एमआरआय बघताना डॉक्टरांनी आधी त्याची चौकशी केली. आत्या म्हणाली, "एवढी ताडमाड वाढलीस, ती पाठ बिचारी काय करेल? वेळेवर लग्न केलं असतंस तर हे झालं नसतं." हे बोलताना तिच्या स्वतःच्या कमरेला पट्टा होता. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईच्या.

संध्याकाळी अंगात कणकण असायची. जेवण जात नव्हतं, वजन उतरत होतं. त्याबद्दल सरांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "बघा, मधुरा आता कशी हलकी पळते!" मीही मूर्खासारखी हसले.

मग एका सकाळी सरावात रिबाउंडसाठी उडी मारली आणि खाली आले ती सरळ जमिनीवर. उठायला गेले तर डावा पाय ऐकेना. दुखत नव्हता, फक्त ऐकत नव्हता. गौरी धावत आली. गौरी आमची गार्ड, म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारी, शाळेपासून माझ्याबरोबर खेळलेली. म्हणाली, "ए, नाटकं नको, ऊठ." मग तिने माझं तोंड पाहिलं आणि सरांना हाका मारायला लागली. त्याआधी गौरीने मदतीला कुणाला हाक मारलेली मला आठवत नाही.

"पण आमच्याकडे फिल्टर आहे"

निदानाच्या दिवशी केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. आई मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, बाबा बँकेतून. मी व्हीलचेअरवर, गुडघे टेबलाला आपटत होते. डॉक्टर आमच्यापेक्षा स्क्रीनकडेच जास्त बघत होते.

"टीबी आहे," ते म्हणाले. "मणक्यात."

बाबा म्हणाले, "पण आमच्याकडे पाण्याला फिल्टर आहे."

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आणि आम्ही बाहेरचं फारसं खात नाही," बाबा पुढे म्हणाले. माझ्या वडिलांच्या मते टीबी हा आजार नाही, ती एक वस्ती आहे आणि आपण तिथे राहत नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू चुकून दुसऱ्याचं पार्सल आपल्या दारात आलंय आणि आता ते परत कसं करायचं.

डॉक्टरांनी नीट सांगितलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत. आजार हाडात आहे. हिच्यापासून कुणालाही होणार नाही. एकत्र राहा, एकत्र जेवा, काही वेगळं करायचं नाही. बाबांनी परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. आईने एकदाच ऐकलं आणि विचारलं, "हिला दूध चालेल ना?"

मी माझा प्रश्न विचारला. मी परत खेळणार का?

"आधी चालू या," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या वर्षभराहून जास्त चालतील. त्या संपल्या की पुन्हा एमआरआय. खेळण्याचं तेव्हा बोलू. आज मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. पुढचे सगळे महिने मी तो एकच प्रश्न उराशी घेऊन पडून होते आणि बाकी प्रत्येकजण मला उत्तर देऊन जात होता. "अगं, दोन महिन्यांत पळायला लागशील!" "आता कसलं खेळणं, जीव वाचला हेच खूप." दोन्ही प्रकारच्या माणसांना मणका नेमका कुठे असतो हेही माहीत नव्हतं. मला खोटं न सांगणारा तो डॉक्टर एकटाच निघाला, हे कळायला मला वेळ लागला.

पलंग

हॉस्पिटलचे पलंग कुणासाठी बनवतात ते मला माहीत आहे. सव्वापाच फुटी, गुणी आणि न वळणाऱ्या माणसांसाठी. मला हलायची बंदी होती, सरळ पडून राहायचं. सरळ पडलं की माझे पाय पोटऱ्यांपासून पुढे गजांतून बाहेर. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना धडकायचा आणि वर माझ्याकडेच रागाने बघायचा. कंबरपट्टा आणला तो लहान. दुसरा आणला तोही लहान. पट्टा आणणारा म्हणाला, "लेडीजमध्ये एवढाच येतो." मग जेंट्समधला दे ना बाबा, मला काय त्यात मिरवायचंय?

बाकी दिनक्रम काय सांगायचा. पहाटे ओल्या फडक्याने अंग पुसायचं, मग थर्मामीटर, मग चहा नावाचं गरम पाणी, मग गोळ्या. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी लघवी केशरी झाली. मी बेडपॅनवर किंचाळले. मला वाटलं संपलं सगळं. सिस्टर शांतपणे म्हणाली, "ते होतंच." होतंच, तर आधी सांगायला तोंड नव्हतं? म्हणून मी सांगते. केशरी होते. घाबरू नकोस. मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते आणि सगळ्या जगाचा राग येतो. त्यातला राग गोळ्यांचा नसतो, तो आपला असतो.

शेजारच्या पलंगावर शेखबाई होत्या, खुबा मोडलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोरी, तुझे पाय माझ्या हद्दीत आलेत. भाडं दे."

मी म्हटलं, "तुम्हीच हद्द मागे घ्या."

"जबान चांगली चालते. मग पायपण चालतील," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाचं गाद्यांचं दुकान होतं. संध्याकाळी तो भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला माझ्या पलंगाशी उभं केलं आणि माप घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याने पलंगाच्या उंचीचं एक स्टूल आणि त्यावर बसेल असा फोमचा तुकडा आणला. गज काढून ते पायाशी लावलं. टाचांखाली काहीतरी मऊ आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी धड आभारसुद्धा मानले नाहीत. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात ही युक्ती कुणाला सुचली नव्हती. शेखबाई म्हणाल्या, "आता झोप. आणि घोरू नकोस."

भीतीचंही सांगून टाकते. जाग आली की मी पहिलं काम करायचे ते डाव्या पायाचा अंगठा हलवून बघण्याचं. हलला की मग डोळे उघडायचे. मला मरायची भीती नव्हती. मला बसून राहायची भीती होती, बाकीच्या खेळत असताना.

चहा सोडलेली आत्या

घरी आल्यावर पाहुणे सुरू झाले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आत्या आली. तिने माझ्या पलंगाजवळची खुर्ची सोडून सगळ्यात लांबची खुर्ची निवडली आणि ती आणखी थोडी मागे सरकवली. आईने चहा विचारला. माझी आत्या आमच्याकडे आली आणि चहा न घेता गेली असं माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. ती आमच्या चहाला नावं ठेवायची, पण दोन कप घ्यायची.

"नको गं, सोडला मी चहा," आत्या म्हणाली.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"हल्लीच."

"जिना चढताना सोडलास की बेल वाजवताना?" आई म्हणाली.

मला हसू आलं आणि हसताना पाठीतून कळ गेली. आत्या लवकरच उठली. दाराशी जाऊन बाबांना हळू आवाजात, म्हणजे मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "बाहेर सांगू नकोस रे दादा. पोरीचं लग्न व्हायचंय. आधीच उंची, त्यात हे." सरांचाही फोन आला होता. त्यांचं म्हणणं, बाहेर स्लिप डिस्क सांगू, ते बरं वाटतं. सगळ्यांना माझ्या आजारापेक्षा आजाराच्या नावाचीच काळजी जास्त होती. मी त्या दिवसापासून प्रत्येकाला टीबी सांगायला लागले. गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्यालापण होता मॅडम, ठणठणीत आहे आता." आणि सिलिंडर आत आणून ठेवला. आत्यापेक्षा तो जास्त आत आला.

ताटाखालचा ठिपका

आता जे लिहिते आहे ते बाबा वाचणार आहेत. वाचू देत.

माझं ताट, वाटी आणि पेला ह्यांच्या खाली लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता. मला आडवं पडून जेवावं लागायचं, ताट छातीवर. एकदा आमटी संपवायला ताट तोंडावर उंच धरलं तेव्हा तो दिसला. आमच्या घरात नेलपॉलिशची एकच बाटली, माझी. आईला विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिने पेला उलटा केला, वाटी उलटी केली आणि बाबांना हाक मारली.

"अहो, हे काय आहे?"

बाबा पेपरमधून बाहेर आले नाहीत. म्हणाले, "खबरदारी. डॉक्टर काय, बोलतात. आपण आपली काळजी घेतलेली बरी."

"डॉक्टरांनी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत."

"अगं, पण राहायला नको मनात काही…"

"मनात राहिलंय ते ताटाला कशाला लावलंत?"

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बाबा मला सायकलवर पुढे बसवून शहराच्या त्या टोकाला सरावाला नेत असत. माझे पाय चाकाला लागायला लागले तरी नेत होते. त्याच माणसाने माझीच बाटली घेऊन, चष्मा लावून, नीट गोल ठिपके काढले होते. नीटच काढले होते, बँकेतले ना. मी पंख्याकडे बघत राहिले, कारण वळून झोपायचीही बंदी होती.

आई स्वयंपाकघरात गेली, भाताचं पातेलं घेऊन आली, माझ्या त्या ठिपक्याच्या उष्ट्या ताटात भात वाढून घेतला आणि बाबांच्या समोर बसून जेवली. मीठ कमी होतं तरी उठली नाही. बाबा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ठिपके गेले होते आणि बाथरूममध्ये ॲसिटोनचा वास येत होता. ते घासून घासून काढताना त्यांच्या बोटाची सालं निघाली होती. माफी मागायची पद्धत आमच्या घरात नाही. बाबांनी त्या दिवशी मला भरवलं, आणि मी भरवून घेतलं.

आईने जे केलं ते मी विसरणार नाही. पण ते तिने मुद्दाम केलं होतं, दाखवण्यासाठी. मुद्दाम केलेल्या मायेचाही एक दिवस कंटाळा येतो. मला कुणीतरी सहज वागवायला हवं होतं, आणि ते तर मागूनही मिळत नाही.

निळ्या बाटलीचं काय झालं

गौरी आली ती मास्क लावून. दारातच उभी.

"आत ये की."

"नको गं, घाईत आहे."

"सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून एवढं धायरीला आलीस, ती घाईत?"

मग तिने सांगितलं. माझं कळल्यावर सगळ्या टीमच्या छातीचे एक्स-रे काढले. सगळ्यांचे स्वच्छ. तरीही सरांनी हाताला कॅरीबॅग गुंडाळून निळी बाटली उचलली आणि सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकली. आता प्रत्येकीला वेगळी बाटली, वर नावाचं स्टिकर.

"सगळ्यांच्याच भल्यासाठी ना," गौरी म्हणाली. "वाईट नको वाटून घेऊस."

"गौरी, माझा मणका तोंडातून बाहेर येतो का गं?"

ती नाकावरचा मास्क नीट करायला लागली. शाळेपासून ह्या मुलीने माझे डबे खाल्ले आहेत, माझे मोजे घातले आहेत, न धुतलेले. मी म्हटलं, जा, ट्रॅफिक वाढेल. ती गेली. जाताना म्हणाली की माझ्या जागी एक नवी मुलगी घेतली आहे, वाघोलीची, स्वप्नाली. "रॉ आहे, कच्ची. पण उडी जबरदस्त आहे."

आजाराने मी रडले नव्हते तेवढी त्या दुपारी रडले. एका प्लास्टिकच्या बाटलीसाठी! सांगायलाही लाज वाटते. मग मी मोबाइलवर स्वप्नालीचे व्हिडिओ शोधून काढले आणि पडल्या पडल्या तिच्या चुका बघत बसले. पाय चुकीचे टाकते. कोपर खाली येतं. खेळता येत नाही तिला काही. उडी मात्र खरंच जबरदस्त होती, आणि मी अंगठा हलवून बघत होते.

हो

चालायला लागले. काठी, मग काठीशिवाय. सोसायटीतले काका लोक खिडकीतून मोजायचे माझ्या फेऱ्या, त्यांना दुसरं काम काय. गोळ्या संपल्या. एमआरआय झाला. डॉक्टरांनी ह्या वेळी स्क्रीन सोडून माझ्याकडे पाहिलं.

"खेळा," ते म्हणाले. "हळूहळू वाढवा. पाठ नाही म्हणाली तर तिचं ऐका, कोचचं नाही."

मी लिफ्टमध्ये रडले. लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई होत्या, त्यांना वाटलं कुणी गेलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला, नेमका दुखऱ्या जागी.

ऑफिसात साहेब म्हणाले, "आता कशाला ती दगदग? बसून काम करा. पगार तोच." बसून! मी उभ्यानेच नाही म्हणून आले. मग कित्येक महिने एकटीने व्यायाम, पळणं, उड्या. अंगात जोर यायला लागला तसा माझ्या तुच्छतेलाही जोर आला. ती आजारात बरीच उपयोगी पडते, बायांनो. गोळ्यांबरोबर घ्यावी.

तीच बेंच

मी परत सरावाला गेले त्या सकाळी सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. गुलाबाचं एक फूलही होतं, सेलोफेनमध्ये. गौरीने ते दिलं, हात लांब करून. "वेलकम बॅक, चॅम्पियन," सर म्हणाले. मी बेंचवर बसले तर माझ्या बाजूची जागा आपोआप मोकळी झाली. सगळ्यांच्या नावांच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या, शाळेतल्या बालवर्गासारख्या. मी माझी घरून आणलेली बाटली बेंचच्या टोकाला वेगळी ठेवली. इतरांनी सांगण्याआधी आपणच ठेवावी, तेवढा मान राहतो.

आपसात मॅच लावली. पहिल्या पाचांत स्वप्नाली, मी दुसऱ्या पाचांत. पहिल्याच बॉलला ती अशी येऊन आदळली की मी दोन पावलं मागे गेले. बाकीच्या मला धडकायचं टाळत होत्या, जणू मी काचेची बरणी. ही मात्र धडकत होती. कोपर, खांदा, कंबर. सर ओरडले, "स्वप्नाली, सांभाळून! ताईची पाठ!" ती म्हणाली, "मग ताईनी बाहेर बसावं की सर, हितं काय सांभाळायचं?"

मला तिची शेंडी उपटावीशी वाटली. पुढच्या बॉलला मी तिला ढुंगणाने मागे ढकललं, सेंटर लोक ढकलतात तसं, आणि रिबाउंड काढला. माझी उडी पूर्वीच्या निम्मीही नव्हती. पण बॉल माझ्या हातात आला. खाली आले ती दोन्ही पायांवर.

सरांनी शिट्टी वाजवली. सगळ्या बेंचकडे आल्या. मी माझ्या टोकाला बसून श्वास घेत होते. स्वप्नाली आली, तिने स्वतःची बाटली हलवून बघितली, रिकामी. मग इकडेतिकडे न बघता माझी उचलली, तोंड लावलं आणि घटाघटा प्यायली.

गौरीचा हात तोंडाशी. सरांनी शिट्टी ओठांत धरली होती, ती तशीच राहिली.

"काय?" स्वप्नाली म्हणाली. "माझी संपली हाय." आणि तिने मनगटाने नाक पुसलं, सकाळपासून वाहत होतं ते नाक, आणि बाटली माझ्यासमोर धरली.

"अगं ए घाणेरडे," मी म्हटलं, "सर्दी झालीये तुला! माझी बाटली आहे ती!"

"थोडीशीच हाय," ती म्हणाली. सर्दी की उरलेलं पाणी, तिलाच माहीत. तिला माझं सगळं माहीत होतं, हे मला नंतर कळलं. तिच्या मामाला टीबी झाला होता, हाडाचा, तिने त्याच्याबरोबर एका ताटात जेवण केलं होतं. त्यामुळे तिला ह्यात दाखवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. तिला तहान लागली होती.

बाटलीच्या तोंडावर तिची लाळ होती. मी ती पुसली नाही. तोंड लावून उरलेलं सगळं प्यायले.

दोन दिवसांनी मला सडकून सर्दी झाली. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, शिंका थांबेनात. पहिल्या पाचांत जागा मिळेल का, ते अजून मला माहीत नाही. ती मुलगी चांगली आहे, मेली. आईने वाफारा दिला आणि वैतागून विचारलं, "आता ही कुठून आणलीस?"

"टीममधून," मी म्हटलं.